तीन बोटं

संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या पेठेतल्या त्या पानटपरीपुढं दहा-बारा पोरं हमखास जमायची. मैदानावरून सराव आटोपून आलेली. गुडघ्यापर्यंत मोजे, पायात स्लीपर आणि बुटांची जोडी लेस बांधून खांद्यावर टाकलेली. टपरीवाले मामा प्लास्टिकच्या चौकोनी कागदात सुपारीचा चुरा घ्यायचे, त्यावर चिमूटभर तंबाखू आणि बोटभर चुना टाकायचे, कागद गुंडाळून तळहातावर खसाखसा रगडायचे आणि रबर लावून मावा पुढं सरकवायचे. हात सवयीनं चालायचे, नजर रस्त्यावर असायची. मागच्या फळीवर रेडिओ सुरू.

त्या दिवशी रेडिओवर एक मुलगी बोलत होती. 2016-17 च्या देशव्यापी पाहणीनुसार महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचं सेवन करतात, असं ती सांगत होती.

"मामा, गाणं लावा की," एक पोरगा म्हणाला.

मामांनी बोटाला लागलेला चुना फडक्याला पुसला आणि स्टेशन बदललं.

टपरीपासून चार पावलांवर, गाडी बिघडल्याचं निमित्त करून एक मुलगी उभी होती. रेडिओवरचा आवाज तिचाच होता. आपलं बोलणं कोण ऐकतंय हे बघायला ती मुद्दाम आली होती. शहरातल्या एका रेडिओ केंद्रानं तिला तरुण मुलांसाठी तंबाखूवर बारा भागांची मालिका करायला दिली होती. आठवड्याला एक भाग, पंधरा मिनिटांचा. पहिल्या भागासाठी ती तीन रात्री जागली होती. पोरांनी तिला अर्धं मिनिटही दिलं नाही.

तिच्या लिहिण्यात खोटं काहीच नव्हतं, हे आधी सांगायला हवं. त्याच पाहणीत पुढं असंही आहे की आपल्या राज्यात बिडी-सिगारेट ओढणारे 3.8 टक्के आहेत आणि धूर न काढता तंबाखू खाणारे, लावणारे 24.4 टक्के. म्हणजे आपल्याकडचा तंबाखू गालात बसतो. त्याचा धूर घरात येत नाही, वास आला तर बडीशेप आहे. पोरगं शेजारी बसून जेवत असतं आणि आईबापांना वर्षानुवर्षं पत्ता नसतो. ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण ती आकड्यांच्या गाठोड्यात बांधून पोरांपुढं टाकली की पोरं गाठोडं ओलांडून निघून जातात.

दुसऱ्या भागात तिनं डॉक्टरांची मुलाखत घेतली. तिसऱ्या भागात कायदा सांगितला. शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत आणि 18 वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायचा नाही, हा कायदा 2003 सालचा; गुटख्यावर राज्यात बंदी आली ती 2012 साली. हेही सगळं खरं. आणि टपरीवर हेही कुणी ऐकलं नाही.

घरी आज्जी पलंगावर बसून नातीचे तिन्ही भाग मन लावून ऐकायची. तिसरा भाग संपल्यावर तिनं रेडिओ बंद केला.

"पोरी, तू बोलत्यास ते बरोबर हाय. पण तू मुकादमावानी बोलत्यास."

"म्हणजे कसं गं?"

आज्जीचं अर्धं आयुष्य निपाणीला तंबाखूच्या वखारीत गेलं होतं. कोल्हापूरपासून निपाणी तासाभराच्या वाटेवर. तिथल्या काळ्या रानात बिडीचा तंबाखू पिकतो आणि वखारीत बायका तो कुटतात, चाळतात, निवडतात. आज्जी पंधरा-सोळा वर्षांची असताना तिथं लागली. धुरळा असा की पहिल्या दिवशी तिला भोवळ आली. तोंडाला पदर बांधायचा तरी नाकातोंडात जायचाच. दुपारची भाकरी कमी पडायची, म्हणून बायका मशेरी लावायच्या. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, दातांवर बोटानं घासायची. भूक मरते, झोप उडते. आज्जीनंही लावली. पुढं चाळीस वर्षं लावली.

"मुकादम दिवसभर वरडायचा. हात चालवा, बोलू नका, पदर नीट बांधा. त्याचं कोण ऐकतंय? कान हाईत म्हणून ऐकू यायचं, एवढंच. आम्ही ऐकायचो शेजारणीचं. शेजारीण म्हणाली, अगं खोकला लागलाय, आज भट्टीकडं बसू नगंस, की आम्ही न्हाई बसायचो. तिला पण खोकला असायचा की."

आज्जीच्या मनात तंबाखूविषयी नुसता राग नव्हता, हे नातीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्याच पानानं घराची चूल पेटवली होती. 1981 च्या एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखूच्या भावासाठी रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मेले, त्या दिवसाबद्दल बोलताना आज्जीचा आवाज आजही खाली येतो. वखारीतल्या बायका मजुरीसाठी एक झाल्या, त्यांच्यावर 1982 साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' नावाचा माहितीपटही निघाला. ज्या पिकानं पोट भरलं त्यालाच शिव्या घालायला तिची जीभ रेटत नव्हती. पण मशेरीचं बोलणं निघालं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ह्यानं तोंड सडतंय, असं मला कुणी सांगितलंच न्हाई गं. शेजारणीला म्हाईत असतं तर तिनं सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी नात केंद्रावर गेली आणि ध्वनिमुद्रण विभागातल्या जुन्या अण्णांना हे सांगितलं. अण्णांचं आयुष्य फितीत गेलेलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"हे तुझ्या आधीही करून झालंय, बाळ. 1990 साली आकाशवाणीनं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेबरोबर एक मालिका केली होती. अमली पदार्थ, दारू आणि तंबाखू यांच्यावर. 'रेडिओ डेट' म्हणायचे तिला. देशभरातल्या केंद्रांवरून, कितीतरी भाषांतून लागायची. पुढं गोव्यात आणि कर्नाटकात लोकांना गाठून विचारलं, तर ऐकणाऱ्यांतल्या काहींनी तंबाखू खरंच सोडला होता. शंभरात बोटांवर मोजण्याइतक्यांनी."

"एवढेच?"

"एवढेच कसे? शंभरातले चार म्हण. आपलं केंद्र किती लाखांना ऐकू जातं? त्यांतल्या तंबाखू खाणाऱ्यांचे चार-चार काढ बघू." मग ते जरा थांबून म्हणाले, "रेडिओला चित्र दाखवता येत नाही. पाकिटावरचं सडलेलं तोंड पोरं बघतात, पाकीट उलटं करतात आणि खिशात घालतात. आवाज उलटा करता येत नाही. पण तो ओळखीचा पाहिजे."

ओळखीचा आवाज म्हटल्यावर तिच्या डोक्यात एकच नाव आलं. खरं तर नाव नव्हेच, कारण गावात त्यांना सगळे कॉमेंट्रीकाका म्हणायचे.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकाला हे थोडं सांगायला हवं. या गावात कुस्तीइतकंच फुटबॉलचं वेड आहे. संघ तालमींचे आणि मंडळांचे. सामना असला की छत्रपती शाहू स्टेडियमवर पेठाच्या पेठा लोटतात आणि कर्ण्यावरून मराठीत समालोचन चालतं. कॉमेंट्रीकाकांनी ते वीस-बावीस वर्षं केलं. चेंडू मध्यरेषेवर असताना त्यांचा आवाज चालत असायचा, डी जवळ आला की पळायला लागायचा, आणि गोल झाला की त्यांचा 'गोऽऽऽल' स्टेडियमबाहेर भजी तळणाऱ्यापर्यंत पोचायचा. तो कढईवरची नजर न काढता विचारायचा, "कुणी मारला?" पेठेतली पोरं गल्लीत खेळताना त्यांच्या आवाजात स्वतःचीच कॉमेंट्री करायची. आणि काकांसारखी डाव्या गालात मावा धरून करायची. माइकपुढं बसताना एक, मध्यंतराला दुसरा. आवाज आणि गाल, पोरांनी दोन्ही उचललं होतं.

दोन हंगामांपूर्वी काका माइकवर दिसेनासे झाले. घशाचा त्रास आहे, असं त्यांनी सांगितलं होतं.

ती त्यांच्या घरी गेली तेव्हा ते जेवत होते. ताटात दूधभात. कोल्हापूरच्या माणसाच्या ताटात, तेही रविवारी दुपारी, नुसता दूधभात! काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आता हेच चालतं त्यांना."

सुरुवात तांबड्या रश्श्यापासून झाली होती. एके दिवशी रस्सा झोंबला. काकांना वाटलं, तिखट जास्त पडलं असेल. मग दर वेळी झोंबायला लागला. पाहुण्यांत ते पित्ताचं कारण सांगून पांढऱ्यावर भागवायला लागले. पुढं पांढराही नको वाटायला लागला. मग वडापावचा घास तोंडात मावेना, भाकरी मोडून, दुधात भिजवून खायला लागले. तरी मावा बंद नव्हता, कारण माव्याला तोंड फार उघडावं लागत नाही. शेवटी एका सामन्यात गोल झाला, काकांनी नेहमीसारखा सूर लावायला तोंड उघडलं, आणि जबडा अर्ध्यात अडकला. कर्ण्यावरून जे बाहेर पडलं ते 'गुल' असं काहीतरी होतं. स्टेडियम हसलं. लोकांना वाटलं, काका गंमत करताहेत.

डॉक्टरांनी नाव सांगितलं सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीतल्या द्रव्यांनी गालाच्या आतलं मऊ अस्तर घट्ट होत जातं, आत सुतळीसारखे पट्टे तयार होतात आणि ते जबडा आवळून धरतात. एकदा आवळलेलं पहिल्यासारखं होत नाही. आहे तिथं थांबवता येतं, थोडं सैल करता येतं, पण पुढं त्यातून कर्करोगही होऊ शकतो. सुपारी निरुपद्रवी, तंबाखू तेवढा वाईट, असं आपल्याकडं सर्रास समजतात. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग करते, असं स्पष्ट म्हटलंय. माव्यात दोन्ही एकत्र असतात. वर चुना. चुन्यानं तोंडातली रासायनिक स्थिती बदलते आणि निकोटीन गालाच्या कातडीतून भराभर रक्तात उतरतं. म्हणूनच चुन्याशिवाय तंबाखू 'लागत नाही'. कुणी शोधून काढलं ठाऊक नाही, पण ही युक्ती टपरीपर्यंत बरोबर पोचली आहे.

"मला रेडिओवर नगंस न्हिऊ, ताई," काका दातांच्या फटीतून म्हणाले. "हा आवाज आता कुणाला ऐकवायचा? पोरं हसतील."

तिनं त्यांना समजावलं नाही. टपरीपुढं उभं राहून जे पाहिलं होतं ते सांगितलं. खांद्यावरचे बूट, मामांचा तळहात, बदललेलं स्टेशन. आणि एक सतरा वर्षांचा पोरगा, ज्याला सगळे 'गोली' म्हणत होते. तो गाल फुगवून, अगदी काकांच्या ढंगात, स्वतःच अडवलेल्या पेनल्टीचं वर्णन करत होता.

काकांचा घास हातातच राहिला. "कुठली टपरी?"

तिनं खूण सांगितली.

"माझा पहिला मावा तिथलाच," काका म्हणाले. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी त्यांनी हात धुतले आणि अटी सांगितल्या. मधे डॉक्टर बोलायचा नाही. मागं रडकं संगीत लावायचं नाही. जीभ अडखळेल तिथं कात्री लावायची नाही.

अण्णांनी कुठून तरी एक जुनी कॅसेट पैदा केली. काकांच्या एका चाहत्यानं स्टेडियममध्ये बसून केलेलं ध्वनिमुद्रण. खरखर भरपूर, पण आवाज साफ.

चौथा भाग लागला त्या संध्याकाळी ती पुन्हा टपरीजवळ होती. या वेळी तिनं गाडीचं निमित्त केलं नाही, सरळ फळीला टेकून उभी राहिली.

सुरुवातीला ना नमस्कार, ना शीर्षक संगीत. एकदम स्टेडियमचा गलका आणि त्यावर तो आवाज. चालणारा, पळणारा, धापा टाकणारा, आणि मग तो लांबलचक 'गोऽऽऽल'.

"आयला, काका!" पोरं एकदम रेडिओकडं वळली. "मामा, वाढवा आवाज."

कॅसेट थांबली. दोन सेकंद काहीच नाही. रेडिओवर दोन सेकंद फार असतात. मग दुसरा आवाज आला, आवळलेला, शब्द दातांवरून घासत बाहेर काढणारा. तो त्याच गोलचं वर्णन करत होता. तेच शब्द, त्याच क्रमानं. 'डावीकडून' म्हणताना थांबला, पुन्हा म्हणाला. शेवटी गोल झाला आणि जे ऐकू आलं ते ऐकून पोरांतला एकजण हसला. बाकीचे हसले नाहीत.

"पोरांनो, हा पण मीच हाय," रेडिओ म्हणाला. "मी तुम्हाला काय सांगणार? माझ्याकडं बघूनच तुम्ही गालात धरायला शिकला. ती चूक माझी हाय, ती मी कबूल करतो. आज फकस्त एक काम करा. हात धुवा. मधली तीन बोटं एकमेकांना चिकटवा. पुढच्या दातांच्या मधी उभी घाला, आडवी न्हाई, उभी, एकाखाली एक. ज्याची तीन जात्यात त्यानं देवाचे आभार मानावेत आणि आजपासून मावा टाकून द्यावा. ज्याची दोनच जात्यात..." इथं काका अडखळले आणि ठरल्याप्रमाणे ते तसंच ठेवलं होतं. "...त्यानं माझा आवाज पुन्हा एकदा ऐकावा."

मामांच्या पाण्याच्या पिंपावर गर्दी झाली. हात धुताना दंगा, एकमेकांना ढकलणं. एकाची तीन गेली, त्यानं हात वर केला जणू गोलच मारला. दुसऱ्याची गेली. तिसऱ्याची जरा ओढूनताणून गेली.

गोलीची दोन गेली. तिसरं बोट खालच्या दातांवर टेकलं. त्यानं मान मागं टाकून पाहिलं. बोटं बाहेर काढली, चड्डीला पुसली, पुन्हा घातली. नखाची कडा दातांवर वाजल्याचा बारीकसा आवाज आला. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यात पाणी जमलं, ते ताणामुळं की कशामुळं, कुणी विचारलं नाही. मामांचा तळहात रगडता रगडता थांबला होता.

वर्षभर त्याला मिसळीचा कट झोंबत होता. घरी आई म्हणायची, तोंड आलंय, उष्णता झाली असेल, गुलकंद खा. तो गुलकंद खायचा, आणि खाली उतरून मावा.

कार्यक्रमाच्या शेवटी ती नेहमीप्रमाणे तंबाखू सोडवायला मदत करणाऱ्या सरकारी दूरध्वनीचा क्रमांक सांगत होती. पहिल्या तीन भागांत तिनं तो एकदा, घाईघाईनं वाचला होता. या वेळी दोनदा सांगितला, एकेक आकडा सुटा करून. सिगारेटच्या आणि तंबाखूच्या पाकिटावर हा क्रमांक छापलेला असतो. माव्याच्या प्लास्टिकवर काहीच छापलेलं नसतं. ना चित्र, ना इशारा, ना क्रमांक. तिथं रेडिओनंच छापील अक्षराचं काम करायला हवं, हे तिला टपरीपुढं उभं राहूनच सुचलं होतं.

गोलीनं तिथंच, तालमीच्या मागच्या भिंतीला टेकून तो क्रमांक फिरवला.

पहिले तीन दिवस सगळ्यांत वाईट जातात, हे त्याला फोनवर सांगितलं होतं आणि तसंच झालं. डोकं ठणकायचं, सरावात चेंडू हातातून निसटायचा, घरी धाकट्या बहिणीवर विनाकारण ओरडला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाय आपोआप टपरीकडं वळले. फळीजवळ पोचला तर बाकड्यावर काका बसलेले. त्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि सरकून जागा दिली.

"तलब आली?"

गोलीनं मान हलवली.

"किती वेळ झाला?"

"दोन मिनिटं."

"चार-पाच मिनिटांवर ती टिकत न्हाई. मला म्हाईत हाय, मी हजार वेळा हरलोय तिच्याशी. तू एक गोलनं पुढं हैस आणि इंज्युरी टाइम चाललाय असं समज. काय करतोस मग?"

"चेंडू बाहेर मारतो."

"मार की मग. पाणी पी. चल, त्या खांबापर्यंत जाऊन येऊ."

ते दोघं खांबापर्यंत गेले आणि परत आले. मामांनी त्या दिवशी गोलीपुढं काही सरकवलं नाही, आणि नंतरही कधी नाही. मोजे घातलेल्या कुठल्याच पोराला त्यांनी मग मावा दिला नाही. कायदा त्यांना आधीही ठाऊक होता. मी नाही दिला तर पुढच्या वळणावरचा देईल, असं ते म्हणायचे. टपरी मात्र त्यांनी बंद केली नाही. मोठी माणसं येतात, मामा त्यांना मावा रगडून देतात. गोष्टीसाठी त्यांना साधू करावं, असं मला वाटत नाही. घरात तीन खाणारी तोंडं आहेत, हेही खरं आहे.

दवाखान्यात दातांच्या डॉक्टरांनी गोलीला सांगितलं की तू वेळेत आलास. औषधं दिली आणि एक व्यायाम शिकवला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांच्या मधे धरायच्या, रोज, दिवसातून काही वेळा. जमेल तशी एकेक वाढवायची. त्याच्या किटबॅगमध्ये हातमोज्यांच्या शेजारी आता रबर लावलेली काड्यांची जुडी असते. आधी त्याच जागी, तसंच रबर लावलेला, मावा असायचा.

मालिकेचे उरलेले आठ भाग तिनं पुन्हा लिहिले. खरं म्हणजे लिहिलेच नाहीत, माणसं शोधली. एका भागात आज्जी बोलली, मशेरीबद्दल आणि वखारीतल्या धुरळ्याबद्दल. पाठोपाठ निपाणी, कागल भागातून बायकांची पत्रं आली, पोरांकडून लिहून घेतलेली. एका भागात उद्यमनगरातला, कारखान्यातल्या भट्टीवर काम करणारा तरुण बोलला. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून तोंडात तंबाखू धरायला त्याला कुणी शिकवलं ते त्यानं सांगितलं. आकडेही तिनं सोडले नाहीत. पण आता आधी माणूस बोलायचा आणि मग आकडा यायचा, म्हणून आकड्याला चेहरा असायचा. टपरीवर सगळे भाग शेवटपर्यंत ऐकले गेले असं नाही. दोन वेळा स्टेशन बदललं. त्या दहा-बारा पोरांपैकी एकानं सोडून पुन्हा धरला, आणि तो अजून धरून आहे. कॉमेंट्रीकाका अधूनमधून त्याच्याही शेजारी बसतात.

हंगामाच्या शेवटच्या सामन्याला काका स्टेडियमवर आले होते. माइकवर नवा मुलगा होता, ते त्याच्या मागच्या खुर्चीवर. त्यांचं तोंड आता अडीच बोटं उघडतं, त्याहून जास्त उघडणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आहेत. मध्यंतराला नव्या मुलानं खिशात हात घातला तेव्हा काकांनी मागून त्याचं मनगट धरलं आणि पाण्याची बाटली पुढं केली. दुसऱ्या सत्रात गोलीनं एक पेनल्टी अडवली. माइकवरच्या मुलानं तोंड मोठं करून त्याचं नाव घेतलं, पूर्ण स्टेडियमला ऐकू जाईल असं.

वाचक हो, हात धुवून या. मधली तीन बोटं जुळवा आणि दातांच्या मधे उभी घाला. घरात पोरगं असेल तर त्यालाही शेजारी बसवून करायला लावा, रागावू नका. तिसरं बोट अडलं तर गुलकंदात दिवस घालवू नका, दातांच्या डॉक्टरांकडं जा. आणि सोडायची इच्छा असेल, पण एकट्यानं जमत नसेल, तर क्रमांक लिहून घ्या. 1800-11-2356. पुन्हा सांगते ती मुलगी, एकेक आकडा सुटा करून: एक, आठ, शून्य, शून्य, एक, एक, दोन, तीन, पाच, सहा. या फोनला पैसे पडत नाहीत.